हजेरी

आमच्या घरात सकाळी दोघेजण कुरकुरत उठतात. एक मी आणि दुसरा आमचा कॉम्प्युटर. मला चहा लागतो आणि त्याला वीज लागते, एवढाच काय तो फरक. त्याच्या जातीच्या मानाने पाहिले तर तो माझ्याहून म्हातारा म्हणायला हवा. २०१३ साली आम्ही त्याला लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, सुट्या भागांच्या रूपाने घरी आणला. 'आम्ही' म्हणजे मी आणि चिरंजीव. दोन पिशव्या, दादरला बदललेली गाडी आणि डोंबिवलीपर्यंत माझ्या मांडीवर बसून आलेला तो खोका, हे सगळे मला अजून आठवते. सौभाग्यवतींनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला होता. नव्या सुनेचा मान एका पत्र्याच्या डब्याला मिळाला म्हणून शेजारच्या काकू पदर तोंडाला लावून हसल्या होत्या.

त्या डब्यात चिरंजीवांनी लिनक्स घातले. लिनक्स म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की, कॉम्प्युटर नावाच्या बिऱ्हाडाचा तो कारभारी आहे आणि तो पगार मागत नाही. १९९१ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोर्वाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने घरी बसून त्याचा गाभा लिहिला आणि लोकांना देऊन टाकला. पुढे जगभरच्या हजारो माणसांनी त्यात आपापली भर घातली. "फुकट आहे, बाबा," असे चिरंजीव म्हणाले तेव्हाच मी निम्मा विरघळलो होतो. ३४ वर्षे हिशेबखात्यात काढलेल्या माणसाला याहून गोड शब्द माहीत नसतो.

हा कारभारी सकाळी उठतो तो देखावा पाहण्यासारखा असतो. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकू लागतात आणि एकेका ओळीच्या डाव्या अंगाला हिरव्या अक्षरांत 'ओके' उमटत जाते. शाळेतली हजेरीच जणू! घड्याळ आले? हजर. तबकडी आली? हजर. आवाज आला? हजर. बहुतेक लोकांना ही गंमत दिसतच नाही. त्यांच्या पडद्यावर एखादे गोंडस चित्र येते आणि हजेरी त्या चित्राआड उरकली जाते. आमच्याकडे माझ्या हट्टाखातर चिरंजीवांनी ते चित्र काढून टाकले. हातात चहाचा कप घेऊन मी रोज ती हजेरी पाहतो. संसारात सकाळी सकाळी इतके सगळेजण इतक्या तत्परतेने 'हजर' म्हणतात, हे दृश्य मला तरी दुसरीकडे कोठे पाहायला मिळालेले नाही.

२०२४ सालचा दसरा शनिवारी, १२ ऑक्टोबरला आला होता. आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रांची पूजा होते. शस्त्रे म्हणजे विळी, शिवणाचे मशीन, माझा जुना कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटर. सौभाग्यवतींनी त्याला हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली. मला वाटले, बाहेरून एवढा नटला आहे तर आतूनही नवे कपडे चढवावेत. दोन दिवस तो 'नवी सुधारणा आली आहे, घेऊ का?' म्हणून माझ्यामागे लागलाच होता. म्हटले, साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे, घे बाबा. परवलीचा शब्द दिला, सगळ्याला होय म्हटले आणि बंद करून पुन्हा चालू केला.

हजेरी सुरू झाली. आणि हिरव्या ओळींच्या मधोमध एक लाल ओळ येऊन बसली.

'फेल्ड टु स्टार्ट लोड कर्नल मॉड्यूल्स.'

तसा तो उठला. पडदा लागला, कळफलक चालला, भीमसेनजींचा आवाज लागला. फक्त कोपऱ्यातली वायफायची खूण नाहीशी झाली होती. तारा सगळ्या जागच्या जागी, पाठीमागे खोचलेली वायफायची बोटभर कांडी जागच्या जागी. पण कारभारी तिला ओळखच देईना. इंटरनेट बंद.

आता तुम्ही म्हणाल, एक दिवस इंटरनेट नसले म्हणून काय आकाश कोसळले? सणाचा दिवस आहे, श्रीखंड खा आणि झोपा. तुमचे म्हणणे बरोबर आहे. परंतु दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि येथे मला थोडे घरातले सांगितले पाहिजे.

त्या वेळी माझा आणि चिरंजीवांचा चौदा महिन्यांचा अबोला होता. चिरंजीव बेंगळुरूला असतात. वाईजवळच्या गावी आमचे वडिलार्जित घर आहे. २०२३ च्या पावसात त्याचा मधला वासा खचला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आता विकून टाकू या. राहणार कोण तिथे?" यात चुकीचे काही नव्हते, म्हणूनच मला ते फार लागले. मी काय बोललो ते येथे लिहीत नाही. तोही काही कमी बोलला नाही. शेवटी मी म्हटले, "आजपासून या विषयावर तुझ्याशी एक अक्षर बोलणार नाही." मी म्हटले होते 'या विषयावर'; पण अबोल्याचे असे असते की, तो एका विषयावर धरला तरी हळूहळू सगळ्या विषयांवर पसरतो.

दर रविवारी अकरा वाजता चिरंजीव, सूनबाई आणि नात पडद्यावर येतात. सौभाग्यवती कॉम्प्युटरसमोर बसतात. मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसतो. नात "आबा कुठे?" विचारते तेव्हा ही सांगते, "आबा पेपर वाचतायत." चौदा महिन्यांत त्या पाऊण तासात मी कधी पान उलटले नाही, हे हिला ठाऊक आहे. मला वाटत होते ठाऊक नाही.

"मोबाईलवर बोलते की मी उद्या," ही म्हणाली. "मोतीबिंदूमुळे चेहरा दिसत नाही एवढंच. आवाज तर ऐकू येतो ना!"

तिला मोबाईल चालला असता. मला चालला नसता. मोबाईल घेऊन ही सज्जात जाते आणि कानाला लावून बोलते. आतल्या खोलीत काही म्हणजे काही ऐकू येत नाही. कॉम्प्युटरला दोन पेटीएवढे कर्णे आहेत. त्यांतून येणारा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचतो.

"अहो, त्यालाच विचारा ना काय झालंय ते. दोन मिनिटांत सांगेल," ही म्हणाली.

मी म्हटले, "मी दुरुस्त करतो." आणि चष्मा पुसायला घेतला.

लाल ओळीत 'कर्नल' म्हणून जो शब्द आहे तो लष्करातला नव्हे. हा कर्नल म्हणजे गाभा. कारभाऱ्याचा जीव तेथे असतो. आणि मॉड्यूल म्हणजे त्या गाभ्याचे सुटे हस्तक. लग्नघर डोळ्यांपुढे आणा. यजमान एक असतो. पण आचारी, मांडववाला, सनईवाला हे काही बारा महिने त्याच्या घरी पोसलेले नसतात. कामापुरते बोलवायचे, काम झाले की निरोप द्यायचा. गाभ्याचेही तसेच. जगातले एकूण एक यंत्र चालवण्याची विद्या त्याने सदैव पोटात बाळगली तर तो जड होऊन उठायचाच नाही. म्हणून आवाजाचा जाणकार वेगळा, वायफायचा वेगळा, छपाईचा वेगळा. प्रत्येकजण आपापल्या कोनाड्यात निजलेला असतो आणि हाक आली की गाभ्यात येऊन बसतो.

यावरूनही एकदा मोठे भांडण झाले आहे. १९९२ च्या जानेवारीत अँड्र्यू टॅनेनबॉम नावाच्या नामांकित प्राध्यापकाने जाहीरपणे लिहिले की, लिनक्सची ही सगळे एकाच गाभ्यात ठेवण्याची रचना जुनाट आहे; गाभा चिमुकला असावा आणि बाकीचे कारभार बाहेर असावेत. टोर्वाल्ड्सचे तरुण रक्त. त्यानेही जाहीरपणेच तिखट उत्तर दिले. मग एकदोन दिवसांत आपण फार तापलो होतो असे कबूल करून माफी मागितली. मॉड्यूल ही या दोन मतांमधली सोय आहे असे मी समजतो. पंडितांना पटेल न पटेल. हा इतिहास मी त्या संध्याकाळी हिला सांगत होतो. हिने एवढेच विचारले, "एकदोन दिवसांत माफी मागितली?" आणि ती पोळ्या लाटायला गेली.

तर हाका मारण्याच्या दोन पद्धती आहेत. अलीकडची यंत्रे बोलकी असतात. कांडी खोचली की ती आपण होऊन सांगते, 'मी अमुक घराण्यातली, माझा क्रमांक तमुक.' कारभारी तो क्रमांक पाहून योग्य त्या जाणकाराला उठवतो. परंतु काही जुन्या वळणाची यंत्रे तोंडातून शब्द काढत नाहीत. त्यांच्यासाठी एक यादी असते. पहाटे एक नोकर ती यादी घेऊन दारोदार फिरतो आणि नावानिशी हाका मारतो. त्याला सिस्टमडी-मॉड्यूल्स-लोड असे लांबलचक नाव आहे. यादीतला एक जरी इसम सापडला नाही, तरी बाकीच्या सगळ्यांना आणून पोचवूनही तो तोंड लाल करून परत येतो. मला दिसली ती लाल ओळ त्याची होती.

२०१३ साली चिरंजीवांनी मला संध्याकाळी बसवून आज्ञा शिकवल्या होत्या. त्या मी एका वहीत उतरवून ठेवल्या आहेत. डाव्या पानावर आज्ञा, उजव्या पानावर तिचा अर्थ, जमाखर्चाच्या रीतीने. ती वही काढली. लिनक्सचा एक गुण वाखाणण्यासारखा आहे. बिघाड झाला की 'काहीतरी चुकले' असे म्हणून तो हात झटकत नाही. कोणत्या आज्ञेने सविस्तर हकीकत कळेल तेही सांगतो. ती आज्ञा दिली. उत्तर आले की, यादीतले सगळे आले, एक मॉड्यूल मात्र सापडले नाही. त्याचे नाव पोलिसाच्या बिल्ल्यासारखे, चार आकडे आणि दोन अक्षरे. वायफायच्या कांडीचा जाणकार तो हाच.

पुढची आज्ञा गाभ्याची आवृत्ती विचारण्याची. सकाळपर्यंत जो गाभा होता त्याच्या आकड्यांच्या शेपटातला शेवटचा आकडा वाढला होता. म्हणजे दसऱ्याच्या मुहूर्तावर मी यजमानच बदलला होता! मॉड्यूलांची कोठी उघडली तर आत दोन दालने दिसली, जुन्या गाभ्याचे एक आणि नव्याचे एक. जुन्या दालनात तो बिल्लेवाला स्वस्थ निजलेला. नव्यात त्याचा पत्ता नाही.

माणसाला अर्धे कळले की तो फार धोकादायक होतो. मी जुन्या दालनातून त्याला उचलले आणि नव्या गाभ्यात हाताने ढकलू लागलो. गाभ्याने फेकून दिले. 'मॉड्यूलचे स्वरूप अवैध.' पुन्हा ढकलले. पुन्हा तेच. साडेअकरा वाजेपर्यंत मी ढकलतो आहे आणि तो फेकतो आहे. नंतर लक्षात आले ते असे की, प्रत्येक मॉड्यूल हे एका ठरावीक गाभ्याच्या मापाने शिवलेले असते आणि त्यावर त्याचा शिक्का असतो. दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा गाभा अंगाला लावून घेत नाही. घेतला असता तर बरे झाले असते असे त्या रात्री वाटले; पण तसे झाले तर चालता चालता सगळे घरच कोसळण्याची भीती असते. त्याची शिस्त बरोबर आहे.

पण मग पूर्वी गाभे बदलले तेव्हा हा बिल्लेवाला नव्या मापाचा होऊन कसा येत होता? याचे उत्तर मला यादीत मिळाले.

ही यादी एकाच कागदावर नसते. इटीसी नावाच्या कपाटात मॉड्यूल्स-लोड-डी नावाचा एक खण आहे. त्यात कोणीही आपली चिठ्ठी टाकावी. आमच्या खणात 'घर' नावाची एक चिठ्ठी होती. मी ती आजवर कधी उघडली नव्हती. ज्या ओळीच्या आरंभी जाळीसारखे चिन्ह असते ती ओळ कॉम्प्युटर वाचत नाही. ती माणसासाठी असते. चिठ्ठीत अशा बऱ्याच ओळी होत्या. रोमन लिपीत लिहिलेले मराठी, तारखांसकट.

पहिली नोंद २०१३ सालची. 'बाबांचा प्रिंटर. जुन्या वळणाचा आहे, आपण होऊन ओळख देत नाही. नावाने बोलवावे लागते. ही ओळ काढू नये.' आणि त्याखाली छपाईच्या जाणकाराचे दोन अक्षरी नाव, एल-पी.

त्या काळी मी सोसायटीचा चिटणीस होतो. जुन्या बाजारातून मी एक ठिपक्यांनी छापणारा प्रिंटर आणला होता. त्याला २५ दातांची रुंद तार लागे. नव्या कॉम्प्युटरला तशी खाचच नव्हती. चिरंजीव म्हणाले होते, "बाबा, हे धूड आता कोण वापरतं? नवा घ्या." मी म्हटले, नवा घ्यायला पैसे झाडाला लागत नाहीत. दोन दिवसांनी तो कोठूनतरी जुन्या खाचेचे एक कार्ड घेऊन आला, आत बसवले, आणि माझा प्रिंटर कर्रर्र कर्रर्र करीत थकबाकीदारांच्या नोटिसा छापू लागला. त्यासाठी त्याने काय काय लिहिले हे मी विचारले नव्हते. चालला एवढे पुरे होते.

तो प्रिंटर २०१८ साली भंगारात गेला. खाचेचे कार्डही काढून खणात टाकले. मी पुन्हा सकाळची हकीकत उघडून पाहिली. हिरव्या 'ओके'च्या खाली, जे पडद्यावर दिसत नाही पण रोजनिशीत लिहिले जाते, तेथे एल-पीची नोंद होती. 'चालक आला, यंत्र एकही सापडले नाही.' मागची तारीख पाहिली. तेच. त्याच्या मागची पाहिली. रोजनिशीत जेवढ्या सकाळी शिल्लक होत्या तेवढ्या सगळ्या पाहिल्या. रोज सकाळी मी हातात चहा घेऊन हजेरी पाहत होतो, आणि रोज सकाळी तो माझ्या प्रिंटरला नावाने हाक मारीत होता.

दुसरी नोंद २०१९ ची. 'आईचा वायफाय, रविवारसाठी.' खाली बिल्लेवाल्याचे नाव. खरे पाहता हे नाव यादीत घालायची गरज नव्हती; कांडी बोलकी आहे, ती आपण होऊन ओळख देते. पण ते यादीत नसते तर लाल ओळही उमटली नसती आणि मी कांडीलाच शिव्या देत बसलो असतो. त्याने खबरदारी म्हणून घातले असावे. लहानपणी शाळेत जाताना दप्तरात दोन पेन्सिली ठेवायचा.

आणि तिसरी नोंद. 'हे मॉड्यूल गाभ्याबरोबर येत नाही, आपण शिवून घेतले आहे. गाभा बदलला की आपोआप पुन्हा शिवले जाते, मात्र हेडर जागेवर हवेत. बाबांना दोनदा सांगितले आहे.'

मला एकदाही आठवेना. पण हेडर हा शब्द मात्र आठवला, आणि अंगाला दरदरून घाम फुटला.

श्रावणात, गणपतीच्या आधी, मी कॉम्प्युटरची साफसफाई काढली होती. तबकडी भरत आली होती. यादी पाहता पाहता 'हेडर' नावाची काही गाठोडी दिसली. आपण तर काही छापीत नाही, मथळे कशाला हवेत, असे म्हणून मी ती काढून टाकली. जागाही फारशी मिळाली नाही. हेडर म्हणजे गाभ्याच्या मापांची वही. घरात डीकेएमएस नावाचा एक शिंपी ठेवलेला असतो. गाभा बदलला की तो नव्या मापाने मॉड्यूल शिवून देतो. शिंपी घरात होता, कापड होते, सुईदोरा होता. मापांची वही मी रद्दीत घातली होती, आणि पुन्हा नवी वही आपोआप यावी अशी जी वर्दी लावून ठेवली होती तीही त्याच झपाट्यात काढली होती. बिचारा शिंपी काही न बोलता बसून राहिला.

रात्रीचे साडेबारा वाजले होते. मापांची वही आणायची तर इंटरनेट हवे, आणि इंटरनेट हवे तर वही हवी. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. मी दिवा मालवला. ही जागी होती. म्हणाली, "सापडलं का?" मी म्हटले, "सापडलं. मीच घालवलं होतं." ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने मीच सांगितले, त्या प्रिंटरचे. आपण होऊन बोलत नाही, नावाने बोलवावे लागते, असे त्याने लिहून ठेवले आहे म्हणून.

अंधारात ही म्हणाली, "प्रिंटरचंच लिहिलंय ना?"

सकाळी सहाला उठलो. चहा न घेता. वहीच्या शेवटच्या पानावर एक सूचना होती आणि तिच्याभोवती लाल शाईची चौकट होती: 'नवे बिघडले तर घाबरू नये. जुने ठेवलेले असते.' कॉम्प्युटर सुरू होताना पाच सेकंद एक फलक दिसतो. त्यात प्रगत पर्याय म्हणून एक ओळ असते. तेथे थांबले की जुन्या गाभ्याने उठवता येते. नवा आला तरी लिनक्स जुन्याला लगेच घराबाहेर काढत नाही, एकदोन पिढ्या सांभाळून ठेवतो. श्रावणात माझ्या झाडूतून तो सुटला हे आमचे नशीब.

जुना गाभा उठला. सगळ्या ओळी हिरव्या. कोपऱ्यात वायफायची खूण.

येथे थांबलो असतो तरी अकराची वेळ साजरी झाली असती. पण ज्याने आयुष्यभर ताळेबंद जुळवले त्याला उचल घेऊन भागवलेला दिवस गोड लागत नाही. नव्या गाभ्याचे हेडर मागवले, आणि पुढे आपोआप यावेत म्हणून ती वर्दीही पुन्हा लावली. शिंप्याला हाक मारली. पडद्यावर ठिपके, मग ओळी, मग पुन्हा ठिपके. आमचे म्हातारे यंत्र, त्याला दम लागतो. हिने दोनदा येऊन पाहिले. तिसऱ्या वेळी तिने चहाचा कप ठेवला आणि काही न विचारता गेली. साडेदहाच्या सुमारास शिंप्याने कळवले: नव्या गाभ्यासाठी शिवून तयार. मी बंद केला. मनात देवाचे नाव घेतले. चालू केला.

हजर. हजर. हजर. लोड कर्नल मॉड्यूल्स... हजर.

अकरा वाजता आम्ही आपापल्या जागी होतो. ही बाहेर, मी आत, वर्तमानपत्र हातात. नातीने आधी आपट्याच्या पानांचे चित्र दाखवले. मग सूनबाई बोलल्या. मग चिरंजीवांचा आवाज आला, "आई, कालचा दसरा कसा झाला?"

"झाला बाई कसाबसा," ही मुद्दाम मोठ्याने म्हणाली. "काल कॉम्प्युटर बंद पडला होता. लाल अक्षरात काहीतरी यायला लागलं. ह्यांनी रात्री साडेबारापर्यंत बसून दुरुस्त केला."

पलीकडे काही क्षण शांत.

"लाल काय आलं होतं?"

"मला काय कळतंय? मॉड्यूल का काय ते. शिंपी, मापं, असलं काहीतरी बडबडत होते सकाळपासून."

पुन्हा शांत. मग कर्ण्यांतून, स्वयंपाकघरापर्यंत पोचेल अशा आवाजात,

"बाबा!"

मी वर्तमानपत्र खाली घेतले नाही.

"बाबा, हेडर तुम्ही काढले होते ना?"

"श्रावणात जागा कमी पडत होती म्हणून काढले!" मी आतूनच ओरडलो. आणि मग, बसल्या जागेवरून इतक्या लांब ओरडत राहणे बरे दिसत नाही म्हणून, उठून बाहेर गेलो.

त्याचे केस कानशिलापाशी पांढरे झाले आहेत, हे मला त्या दिवशी कळले. हिने सांगितले नव्हते. तो म्हणाला, आईचा मोबाईल तारेने कॉम्प्युटरला जोडला असता तर त्यातून इंटरनेट मिळाले असते, दोन मिनिटांचे काम. मी म्हटले, "हे वहीत लिहिलेलं नाही." तो म्हणाला, "लिहून घ्या." मी वही आणली आणि लिहून घेतले. वाईच्या घराचा विषय त्या दिवशी निघाला नाही. पुढे दिवाळीत निघाला, आणि पुन्हा आवाज चढले. पण बोलणे थांबले नाही. घर अजून आहे. वासा मात्र बदलून घेतला, अर्धे पैसे त्याने पाठवले.

त्या रविवारी शेवटी त्यानेच विचारले, "बाबा, त्या एल-पीच्या ओळी अजून असतील तिथे. प्रिंटर तर केव्हाच गेला. सांगू का कशा काढायच्या? पुढे नुसतं ते जाळीचं चिन्ह घातलं तरी पुरे."

मी म्हटले, "असू देत. जागा किती खातात?"

"काहीच नाही."

"मग असू देत."